गुडघाभर पाणी

माझ्या उजव्या पायाच्या नळीवर, गुडघ्याच्या चार बोटं खाली, विळ्याची जुनी खूण आहे. तलावाच्या उगवतीकडच्या काठाने मी पाण्यात उतरायचो आणि पाणी त्या खुणेला लागलं की थांबायचो. तिथून पुढे पन्नासेक पावलं पाणी तेवढंच. करकोचे तिथेच उभे राहायचे. त्याहून खोल पाण्यात ते उतरत नाहीत आणि कोरड्यात रात्र काढत नाहीत, कारण कोल्हेकुत्रे येतात. चारी अंगाला पाणी पाहिजे आणि त्या पाण्यात पाय टेकले पाहिजेत. एवढं असलं की झालं.

आमचं गाव अकोट-परतवाडा रस्त्यापासून बरंच आत, बरड जमिनीचं. वर सातपुडा दिसतो. करकोचे त्याच्यावरूनच येतात. कार्तिकात, कापसाचा पहिला वेचा घरात येत असताना, आधी आवाज येतो. वावरातला माणूस हात थांबवून वर पाहतो, तेव्हा कुठे आभाळात ती वाकडीतिकडी ओळ दिसते. आठ-पंधरा दिवस मुक्काम करायचे. दिवसा तुरीच्या, हरभऱ्याच्या, ज्वारीच्या वावरात चरायचे आणि दिवस बुडता बुडता तलावावर यायचे. मग खाली दक्षिणेला निघून जायचे. फाल्गुनात परत जाताना पुन्हा चार दिवस.

पाणी मागे सरकलं की जो गाळ उघडा पडतो, त्यात पेरायचा हक्क काही घरांकडे असतो. त्याला गाळपेर म्हणतात. उगवतीकडची गाळपेर आमच्याकडे बापापासून. बापाची रीत अशी, की कार्तिकातली पाखरं पुढे गेल्याशिवाय तिथे पाय टाकायचा नाही. ती गेली की मग डांगरवाडी, म्हणजे टरबूज-खरबुजाचे वेल, लावायची. आणि दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत, ती यायच्या आधी, उथळातली बेशरम उपटायची. बेशरम म्हणजे पाण्याच्या काठाला वाढणारं, फिकट जांभळ्या फुलांचं झाड. कापली तर दुप्पट येते, मुळासकटच ओढावी लागते. ती माजली तर पाखराला उतरायला मोकळं पाणी दिसत नाही. बाप गेल्यावर ते काम मी धरलं. एकट्याने, रोज थोडं थोडं. खुणेपर्यंत पाणी घेऊन मी चालायचो आणि हाताला लागेल ते झाड उपटून काठावर फेकायचो. गावातले लोक काठावरून ओरडायचे, "काय पाखराचे पाटील, आंगण झाडलं का पाव्हण्यायसाठी?"

मी म्हणायचो, "झाडलं. तुमी आपली गटारं झाडा."

अमरावतीहून दुर्बिणीवाले यायचे. त्यांतला एक जण एकदा माझ्या ओट्यावर चहा पिता पिता म्हणाला, की ही पाखरं दरसाल कमी होत चालली आहेत, कारण एवढ्या लांबच्या वाटेत उतरायच्या जागाच राहिल्या नाहीत. मी म्हणालो, "आमची हाये." तो हसला. मी हसलो नाही. मी खरंच सांगत होतो.

आता दुसरी गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझी शाळा तिसरीपर्यंत. सही येते. बसची पाटी दुरून ओळखतो, अकोट, दर्यापूर, परतवाडा. पण सरकारी कागदाची बारीक ओळ पुढे आली की ती जागच्या जागी थांबतच नाही. हे गावात कोणाला माहीत नव्हतं. मी माहीत होऊ दिलं नाही. पंचाईत असो, सोयरीक असो, मी पुढे बसणारा माणूस. फक्त एकाला माहीत होतं. तो आमच्या गावचा पोस्टमन, माझ्याच वयाचा, माझा दोस्त.

पहिल्यांदा त्याने तहसीलची नोटीस आणून माझ्या हातात दिली तेव्हा ओट्यावर चार माणसं बसलेली होती. मी खिसा चाचपला आणि म्हणालो, "चष्मा घरी राह्यला." मी माझ्याच घराच्या ओट्यावर बसलो होतो आणि चष्म्याची दांडी खिशातून वर दिसत होती. त्याने ती पाहिली, पण डोळ्याची पापणीही हलवली नाही. "आण इकडे," म्हणाला, "माहे डोये तयारच हायत." आणि वाचून दाखवली.

त्यानंतर चाळीस वर्षं हेच चाललं. वीजबिल, बँकेचा कागद, लेकीच्या सासरचं पत्र. मी म्हणायचो, चष्मा घरी राह्यला. तो म्हणायचा, आण इकडे. त्याची नोकरी संपली तरी हे संपलं नाही. त्याने माझी लाज झाकली, म्हणून त्याच्यासाठी मी काहीही केलं असतं. बऱ्याच वेळा केलंही.

माझ्या घरात वाचणारं माणूस होतं. मागे गावच्या शाळेत प्रौढ बायांचा वर्ग सुरू झाला तेव्हा माझी बायको जाऊ लागली. मी म्हणालो, "आता काय तहसीलदारीन व्हतं का?" ती भाकऱ्या थापून गेली आणि शिकली. मिरची-मसाल्याच्या पुडीचा कागदसुद्धा सुटा करून वाचायची. तिच्या हातात मी माझा एकही कागद दिला नाही.

तलाव गाळाने भरला होता, हे खरं. उन्हाळ्यात विहिरी तळाला जायच्या, हेही खरं. म्हणून गाळ काढायची गोष्ट निघाली तेव्हा मी विरोधात नव्हतो. मी सभेत उभा राहून एवढंच म्हणालो, "उगवतीचा उथळ भाग सोडा. बाकी सारा खोदा. पन ते कागदावर पाह्यजे. तोंडी नाई."

सरपंच वयाने माझ्या लेकासारखा. म्हणाला, "आबाजी, लिहून आणतो."

गाळपेरवाल्यांच्या सह्या आधी पाहिजे होत्या आणि त्यातही माझी. मी केली की बाकीचे करणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आठ दिवसांनी कागद आला. पंचायतीच्या पडवीत सगळे बसले होते. मी खिसा चाचपला.

"आण इकडे," दोस्त म्हणाला. त्याने कागद डोळ्यांसमोर धरला आणि खणखणीत वाचलं, "गावतलावातील गाळ, उगवतीकडील उथळ भाग सोडून, काढण्यास आमची काहीही हरकत नाही. झालं. कर सही."

"पुन्हा वाच. ते सोडून म्हनतं तथून."

त्याने पुन्हा वाचलं. दोन्ही वेळा शब्द तेच, त्याच जागी. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या वेळेला थोडा तरी इकडेतिकडे होतो, असं मी समजून होतो. पण त्याची सारी जिंदगी लोकांची पत्रं मोठ्याने वाचण्यात गेली होती. त्याचा आवाज कशाला हलेल? मी सही केली. माझी सही मोठी आहे आणि तिच्याखाली मी दोन रेघा ओढतो. माझ्यामागून सगळ्यांनी केल्या.

चैत्रात पोकलेन आलं. मावळतीकडून खोदायला सुरुवात झाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून गाळ वावरांत जाऊ लागला. दोस्ताच्या लेकाचे दोन ट्रॅक्टर होते, वाहतूक त्याच्याचकडे होती. त्यात मला वावगं वाटलं नाही. मीही माझ्या बरड तुकड्यात गाळ टाकून घेतला.

मग एका सकाळी मी म्हैस घेऊन गेलो तर मशीन उगवतीला उभं. बेशरमचे जुने खुंट, माझ्या बापाच्या पायाखालचा चिखल, सगळं एका बुट्टीत उचललं जात होतं. मी मशीनच्या पुढे जाऊन उभा राहिलो. चालवणारा पोरगा बाहेरगावचा, हिंदी बोलणारा. खाली उतरला. त्याला रागही आला नाही. त्याने सीटमागून कागद काढला.

"चाचा, दस्तखत तो आपका ही है. सबसे ऊपर."

सही माझीच होती. दोन रेघांसकट. मी कागद हातात धरून उभा राहिलो आणि सवयीने खिसा चाचपला. म्हणालो, "चश्मा घर पे रह गया."

पोरगं माझ्या खिशाकडे बघून म्हणालं, "तो जेब में ये क्या है, चाचा?"

त्याला आमची रीत काय माहीत? तो म्हणाला, "रख लो, झेरॉक्स है," आणि पुन्हा मशीनवर चढला.

घरी येऊन मी तो कागद बायकोपुढे धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा म्हणालो, "वाच."

तिने पदराला हात पुसले. ओळीखाली बोट ठेवून हळूहळू वाचलं. "गावतलावाच्या संपूर्ण बुडीत क्षेत्रातील गाळ काढण्यास आमची काहीही हरकत नाही."

"उगवती?"

"नाई."

"नीट पाह्य. सोडून असा शब्द असन."

"आवो, चार तर ओळी हायत. संपूर्ण असं हाये. सोडून नाई." कागदाची घडी करून तिने माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तवा मले काहून नाई दाखवला?"

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चष्म्याचंही आणि माझंही.

दोस्त एसटीच्या थांब्यावरच्या हॉटेलात चहा पीत होता. आजूबाजूला माणसं होती. मी त्याच्यासमोर बसलो. "काय वाचलं होतं तू?"

कोणतं, असं त्याने विचारलं नाही. बशी खाली ठेवली. "हळू बोल."

"काहून हळू?"

"माह्यासाठी नाई म्हनत. तुह्यासाठी म्हनतो." मग तो वाकून बोलला, "सांग साऱ्यायले. पोस्टमननं मले उलटं वाचून दाखवलं असं सांग. मंग ते इचारतीन, आबाजी, कागद तुमच्या हातात होता, तुमी काहून नाई वाचला? काय सांगशीन?"

मी समोरचा पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला.

"उगवतीचाच गाळ चांगला हाये. पोराले तोच पाह्यजे होता, सरपंचाचा कागद त्यानंच टाइप करून आनला. तू आडवा पडला असता तर सारं कामच बसलं असतं. तुले मी वळखत नाई का? एका पाखरासाठी तू गाव तहानलं ठेवशीन."

"पाखरं कोठी जातीन?"

"जातीन कोठीबी. पंख हायत त्यायले."

"चाळीस वर्षं माहे कागद वाचले तू."

"वाचले. चाळीस वर्षं तुहा चष्माबी झाकला, बुढ्या." आणि त्याने उरलेला चहा पिऊन टाकला.

मी उठून घरी आलो.

आता जे लिहायचं ते जड जातं. उगवतीचा भाग खोदून व्हायला पाच दिवस लागले. मी पहिल्याच दिवशी पंचायतीत जाऊन म्हटलं असतं, की मला वाचता येत नाही, मला खोटं वाचून दाखवलं, तर मशीन थांबलं असतं. सरपंच तेवढा वाईट नव्हता. बायकोही म्हणाली, "चला, मी येईन संगं. सरपंचापुढं मीच वाचून दाखवीन."

मी तिला म्हणालो, "बायकोनं माहा कागद वाचावा अन् साऱ्या गावानं आयकावा?"

ती आत निघून गेली. मी पाच दिवस ओट्यावर बसून मशीनचा आवाज ऐकला. सहाव्या दिवशी ऐकायला काही उरलं नव्हतं.

पावसाळ्यात तलाव तुडुंब भरला. विहिरींना पाणी आलं, त्याला मी नाव ठेवणार नाही. माझ्या बरड तुकड्यातला कापूस छातीला लागला. त्या वावराकडे मी कोणाला नेलं नाही.

दसऱ्याला सवयीने उथळाकडे गेलो. धोतर खोचलं आणि पाय टाकला. पहिल्याच पावलाला पाणी छातीपर्यंत. खूण कुठे गेली ते दिसलंसुद्धा नाही. काठाची मुळी धरून बाहेर आलो आणि ओल्या कपड्यांनी तसाच बसून राहिलो. तिथे बेशरमचं एक झाडही उरलेलं नव्हतं. उपटायलाही काही नव्हतं.

कार्तिकात आवाज आला तेव्हा मी तूर पाहत होतो. दिवस बुडायला आला होता. मी तलावावर धावत गेलो, या वयात. ओळ सातपुड्याकडून सरळ उगवतीच्या काठावर आली. नेहमीसारखी खाली वळली. पाय खाली सोडले त्यांनी, उतरताना सोडतात तसे. पाण्याच्या इतके जवळ आले की पंखांचा वारा ऐकू आला. आणि मग पुढचं पाखरू वर झालं. त्याच्यामागे सगळे वर. पुन्हा एक चक्कर, पुन्हा पाय खाली, पुन्हा वर. ओरडत होते. मागच्या कितीतरी पिढ्यांनी त्यांना इथली जागा शिकवली असेल, आणि जागा तर दिसत होती, पाणीही दिसत होतं. दोन चकरा मारून ते अंधारत्या आभाळात दर्यापूरच्या बाजूला निघून गेले. एवढं उडून आल्यावर रात्री कुठे टेकले असतील, मला माहीत नाही.

त्या दिवसापासून मी वही घेतली. बायको अक्षर काढून देते, मी गिरवतो. हेही मी लिहितो आणि काना-मात्रा ती नीट करते.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तलावाची गोष्ट पुन्हा निघाली, पण पाखरांसाठी नाही. उगवतीचा काठ उभा कापला गेल्याने ढोरांना पाण्याला उतरता येत नव्हतं. एकाची गाय घसरून पडली होती. लोक म्हणाले, तिथे उतार करा. मी उभा राहिलो.

"मले वाचता येत नाई," मी म्हणालो.

मागून कोणीतरी म्हणालं, "आबाजी, आमाले वाटे नंबरच चुकला चष्म्याचा." हशा झाला. मी तो होऊ दिला. मग काय वाचून दाखवलं होतं आणि कागदावर काय होतं, ते सांगितलं. कोणी वाचलं ते मी बोललो नाही. बोलायची गरज नव्हती. दोस्त खांबाला टेकून बसला होता, सगळे तिकडेच पाहत होते.

सरपंच म्हणाला, "आता काय करता आबाजी? गाळ तं गेला."

"उतार लांब करा. पन्नास पावलं. पाणी गुडघाभर राह्यलं पाह्यजे."

"ढोरायले दहा पावलं गंज झाली, पुरतात."

"ढोरायले झाली," मी म्हणालो. "बाकीच्यासाठी माह्या वावरातला गाळ मी वापस टाकतो."

या वेळी हसणं मोठं होतं. जमिनीत पडलेला गाळ परत तलावात नेणारा माणूस कोणी पाहिला नव्हता. तेवढ्यात बायांच्या बाजूने माझ्या बायकोचा आवाज आला, "टाकतीन ते. तुमी लिहा."

ग्रामसेवकाने तिथेच लिहिलं. तो 'उथळ पाणी' लिहीत होता. मी म्हणालो, 'गुडघाभर' लिहा. तो म्हणाला, सरकारी कागदात असं लिहीत नाहीत. मी म्हणालो, मग सही नाही. तो शब्द मला वाचता येत होता, तोपर्यंत वहीत मी तो कितीतरी वेळा काढला होता.

कागद माझ्याकडे आला. खांबाजवळून दोस्ताने हात पुढे केला. सवय ती. "आण इकडे, बुढ्या."

मी खिशातून चष्मा काढला आणि लावला. ओळीखाली बोट ठेवलं. ग, उकार, ड. जोडाक्षराला अडलो, परत मागे आलो. चहा आला आणि गेला. पोरं बाहेर झेंड्याखाली खेळायला गेली. कोणी म्हणालं, "आबाजी, आजच होईन ना?" मी मान वर केली नाही. 'उतार' सापडला, 'पन्नास पावले' सापडलं, 'गुडघाभर' सापडलं. 'संपूर्ण' कुठे आहे का ते पुन्हा वरपासून पाहिलं. मग सही केली. खाली दोन रेघा ओढल्या.

फाल्गुनात ते परतताना उतारच नव्हता, तेव्हा वरच्यावरच गेले. काम वैशाखात झालं. माझा गाळ माझ्याच बैलगाडीने मी नेला. यंदा दसऱ्याला पाण्यात उतरलो तर खुणेला पाणी लागलं. बावीस पावलं. पुढे माती खचली होती, पन्नास राहिली नव्हती.

कार्तिकात ते आले. मी काठावर बसलो होतो. दोस्त आला आणि माझ्यापासून थोडा दूर उभा राहिला. हॉटेलातल्या त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नव्हतो. पाखरांनी पाय खाली सोडले. एक चक्कर, दुसरी, तिसरी, चौथी. चौथ्या वेळेला दोघा-तिघांचे पाय पाण्याला लागले, पाण्यावर रेघा उठल्या. मग तेही उठले आणि सगळी ओळ दर्यापूरकडे गेली.

"म्होरच्या साली उतरतीन," दोस्त म्हणाला.

चाळीस वर्षं त्याने जे सांगितलं ते मी खरं धरलं होतं. मी धोतर खोचलं, पाण्यात उतरलो आणि बाविसाव्या पावलापुढे पायाने माती चाचपू लागलो.